तोरणाखालून न गेलेला ट्रक

ही गोष्ट सांगायची मी चार वर्षं टाळली. आधी म्हटलं, दिवाळी होऊन जाऊ द्या. मग नातवाची परीक्षा आली. मग मला दातांची कवळी बसली, आणि नव्या कवळीनं कबुली नीट उच्चारता येणार नाही, असं मी स्वतःला पटवलं. कवळी आता तोंडात मुरली आहे. तिच्यानं मी शेंगदाणे खातो. तेव्हा कारण उरलेलं नाही.

मी निवृत्त शिक्षक. बडनेऱ्याच्या अलीकडे एका लहान गावात राहतो. शाळेत असताना फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्यातला एक 'दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये' असा होता. तो मी निदान वीसदा लिहिला असेल, दरवेळी रंगीत खडूनं.

माझ्या घरापासून तिसरं घर एका ट्रक ड्रायव्हरचं. आम्ही सगळे त्याला ड्रायव्हरभाऊ म्हणतो, तो मला मास्तर म्हणतो. ट्रक त्याचा स्वतःचा. इकडची संत्री कोलकात्याला न्यायची, अकोल्याची तूरडाळ खाली दक्षिणेत पोचवायची, येताना नारळ आणायचे, असं त्यानं तीस वर्षं केलं. महिन्यातले चार दिवस घरी. उरलेले सव्वीस दिवस तो माझ्या फोनमध्ये राहायचा.

म्हणजे असं, की तो मला बोलून निरोप पाठवायचा. गाडी चालवताना कधीच नाही, त्याबाबत तो कडक होता. ढाब्यावर गाडी लावायची, हातपाय धुवायचे, सगळ्या टायरांवर हातोडी ठोकून आवाज ऐकायचा, बाजेवर बसायचं आणि मग फोन तोंडासमोर धरून देशाच्या परिस्थितीवर बोलायला सुरुवात करायची.

"मास्तर, इथं टीव्ही लागून आहे. आठ खिडक्यांत आठ मानसं बोंबलून राह्यले. आता तुमी सांगा, रेल्वेचं फाटक बंद असलं अन् आठ ट्रकांनं संगच हार्न वाजवला, तं फाटक उघडते का? रेल्वे गेल्यावरच उघडते ना? मंग ह्याहिले कोनी सांगत काहून नाही?"

टोलनाक्यावर काचेवरच्या चिकटपट्टीनं आपोआप पैसे कापायला लागले, तेव्हा तो फार दुःखी झाला होता. "पहिले नाक्यावर दोन शब्द भांडन होये. जेवन पचे. आता ते पट्टी पैसे कापते अन् दांडा वर जाते. भांडाव कोनाशी मास्तर, दांड्याशी?"

हवामानाच्या अंदाजावर: "फोन म्हनते आज चाळीस टक्के पाऊस. मी संत्र्यावर ताडपत्री किती टाकू? चाळीस टक्के?"

त्याच्या अकोल्याच्या लेकीनं त्याला पावलं मोजणारं घड्याळ दिलं. डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्याचा निरोप आला: "आज मी अठरा हजार पावलं चाललो म्हने. मास्तर, मी सीटवरून उठलोच नाही!" घड्याळ खड्डे मोजत होतं. मग तो त्या घड्याळानं रस्त्यांना गुण द्यायला लागला. नवा महामार्ग दोनशे पावलं. अचलपूरचा रस्ता नऊ हजार. एकदा धारणीकडे माल घेऊन गेला, तर एका दिवसात एकतीस हजार झाली. डॉक्टरनं ते घड्याळ पाहून त्याची पाठ थोपटली म्हणे, आणि पाठच तेवढी दुखत होती.

आता ही सगळी मतं तो मलाच का पाठवायचा, हे सांगायला हवं. त्याचं कारण पोळा.

आमच्याकडे पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली उभे केले की लोक झडत्या म्हणतात. चार ओळी, यमक, कुणाची तरी टोपी उडवलेली, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर. नियम एकच, झडती ताजी पाहिजे. मागच्या वर्षीची चालत नाही, दुसऱ्या गावची चालत नाही. कुणी शिळी झडती म्हणायला लागला, तर पोट्टे त्याला पूर्ण करू देत नाहीत. शेवटची ओळ तेच ओरडून टाकतात. मग त्या माणसानं वर्षभर खाली मान घालून फिरायचं.

ड्रायव्हरभाऊ वर्षभर रस्त्यावर जे बोलायचा, त्यातूनच त्याच्या झडत्या निघायच्या. लिहून ठेवायचं काम माझं. दोनशे पानांची वही होती, चाळीसेक झडत्या भरल्या होत्या, बऱ्याचशा अजून कुठंच न म्हटलेल्या. 'कल्पना त्याची, यमक माझं' असं मी गावात न सांगता सांगत असे, म्हणजे कुणी विचारलं की नुसता हसायचो. आज खरं सांगतो. यमकही त्याचंच असायचं. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचो, आणि झडती ओरडताना ऱ्हस्व-दीर्घ कुणाला ऐकू येत नाही.

चार वर्षांपूर्वी त्याचा ट्रक म्हातारा झाला. कागदपत्रं पुन्हा होण्यासारखी नव्हती. पोळा झाला की गाडी भंगारात जाणार, हे ठरलं. आणि ड्रायव्हरभाऊनं एक इच्छा धरली. जायच्या आधी एकदा आपला ट्रक पोळ्यात उभा राहावा, आणि बैलांसारखा मानानं तोरणाखालून जावा.

पोळ्याचा मान आमच्या गावात पाटलांचा. त्यांची जोडी पहिली जाते, कोण उभं राहायचं तेही तेच ठरवतात. पाटील न हसण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या लग्नाच्या फोटोत ते कोर्टात साक्ष द्यायला आल्यासारखे उभे आहेत. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक बसली, मीही होतो.

"अरे, पोळा बैलाचा असते," पाटील म्हणाले. "ट्रकाले शिंगं कुठी आहेत?"

"तुमच्या ढवळ्याचं बी एक शिंग मोडकं आहे," ड्रायव्हरभाऊ म्हणाला. "त्याले कोनी इचारलं का?"

"अन् शेन?"

"धूर देते ना. भरपूर देते. आन् पाटील, गावात जोड्या किती राह्यल्या? सात. मांगच्या साली ट्रॅक्टर उभं केलं, तवा तुमी काही बोलले नाही."

"ट्रॅक्टर वावरात जाते बाप्पा."

"मंग वावरातला संत्रा बजारात कसा जाते? उडत?"

ओट्यावर सगळे हसले. पाटील सोडून. त्यांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली, बराच वेळ चघळली. मग म्हणाले, "असं कर. तोरनाखाली झडती म्हन. मी हासलो पाहिजे. मी हासलो, तं तुहा ट्रक माह्या जोडीच्या मांगं. नाही हासलो, तं आला तसा घरी."

ड्रायव्हरभाऊनं ते आव्हान फार मनावर घेतलं. पुढचे दोन महिने त्याचे निरोप आटले. विचारलं तर म्हणायचा, "शिजून राह्यलं मास्तर, झाकन काढू नका." आणि पोळ्याच्या आठवडाभर आधी नागपूरच्या पुढून कुठून तरी निरोप आला. आधी घसा खाकरला. मग म्हणाला, "मास्तर, लिहून घ्या. अन् कोनाले दाखवू नका. वहिनीलेबी नाही."

झडती अशी होती:

"बिना ड्रायव्हरचा ट्रक म्हने येते बजारात,
चहा कोन पेईन मंग ढाब्याच्या दारात?
टायर पंक्चर झाल्यावर शिव्या देईन कोन?
का ते बी काम करीन मालकाचा फोन?"

कागदावर ती एवढी मोठी वाटत नाही, हे मलाही दिसतं. पण त्याच्या आवाजात ऐकायला हवी होती. 'शिव्या देईन कोन' म्हणताना तो इतक्या काळजीनं म्हणायचा, की खरंच देशापुढं तेवढाच प्रश्न उरलाय असं वाटे. मी घरात एकटा होतो. इतका हसलो की शेजारी झोपलेलं मांजर उठून गेलं. पाटील हसणार, यात मला शंका उरली नाही.

आता माझ्या व्याह्यांबद्दल.

माझी मुलगी अकोल्याला दिली आहे. व्याही निवृत्त अधिकारी आहेत. माणूस वाईट नाही, पण त्यांना अकोल्याच्या उन्हाचा अभिमान आहे, जणू ते स्वतः खाली जाळ घालतात. मे महिन्यात सकाळीच फोन येतो: "काय मास्तर, अमरावती किती? आमच्याकडे तुमच्याहून दोन अंशांनी जास्त." आजवर एकदाही अमरावतीनं माझी बाजू राखलेली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मुलीच्या घरी गेलो होतो. त्यांच्या कॉलनीत झडत्यांची स्पर्धा होती. मंडप, माईक, आणि भाड्यानं आणलेली बैलजोडी, तिच्या अंगावर लाल झूल. व्याह्यांनी उन्हावरच झडती म्हटली. टाळ्या पडल्या. मग त्यांनी माईक न सोडता जाहीर केलं, "आता आमचे व्याही. अमरावतीकडचे, शिक्षक आहेत. म्हणतील की नाही ते सांगता येत नाही. तिकडची माणसं जरा थंडच असतात."

कॉलनी हसली. माझी मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती, तीही हसली.

मी उठलो. बैलांपर्यंत जाईस्तोवर मला वाटत होतं की आपलं काहीतरी सुचेल. पस्तीस वर्षं भाषा शिकवली, चार ओळी सुचणार नाहीत? माईक हातात आला, आणि डोक्यात एक अक्षर नव्हतं. तोंडात मात्र एक झडती तयार होती. लाज वाटत होती म्हणून मी बैलाच्या आडोशाला उभा राहिलो, आवाज बदलला, ड्रायव्हरभाऊसारखा घसा फाडला आणि म्हणून टाकली.

कॉलनी अक्षरशः लोळली. पहिलं बक्षीस मिळालं, पोळ्या गरम राहतात तो डबा. व्याही उठून आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच आदर पाहिला. म्हणाले, "वा मास्तर! तुमची स्वतःची?"

इथं मला वाचायला जागा होती. 'नाही हो, आमच्या गावच्या एका ड्रायव्हरची' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "सुचतं अधूनमधून."

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीच्या एसटीत बसलो. मूर्तिजापूरच्या आधीच पुढच्या बाकावरच्या माणसाच्या फोनमधून 'चहा कोन पेईन मंग' ऐकू आलं. आधी वाटलं, भास आहे. मग मागच्या बाकावरूनही आलं. कुणीतरी कॉलनीत फोनवर चित्रण केलं होतं आणि सोडून दिलं होतं. माझ्या शेजारच्यानं फोन माझ्यापुढं धरला.

"पाहा ना बाबूजी. हा बुढा भल्ला भारी आहे. दिसत नाही पन कुठी. बैलच दिसते नुसता."

खरंच मी दिसत नव्हतो. पडद्यावर लाल झूल, बैलाचं तोंड आणि माईकमुळे घुमणारा एक भसाडा आवाज. मला आधी हायसं वाटलं. मग आठवलं, आज पोळा आहे.

घरी पोचलो तर बायको पुरण वाटत होती. तिच्याही फोनवर ते आलेलं होतं. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "अकोल्याले तुमी म्हनली ना ते?"

"छे! कशावरून?"

"बैलाच्या पोटाखालून चपला दिसून राह्यल्या तुमच्या. डाव्या चपलेचा अंगठा मी परवाच शिवून आनला."

मी गुपचूप चपला काढून बूट घातले. ती म्हणाली, "बूट घालून काय होते? जा, सांगा त्याले. आत्ताच जा. वही घेऊन जा. दुसरी निवडीन थो. चाळीस आहेत ना?"

वही थैलीत घातली आणि निघालो. तीन घरं म्हणजे किती अंतर? त्या दिवशी मला ते धारणीच्या रस्त्यासारखं लागलं.

अंगणात ड्रायव्हरभाऊ ट्रक सजवत होता. पहाटेच आला होता, अंघोळ त्याची आणि ट्रकची एकदमच झालेली दिसत होती. काचेच्या वर थर्माकोलचं बाशिंग, बोनेटवर त्याच्या आईचं निळं लुगडं झुलीसारखं पसरलेलं, बंपरला घुंगरं, दिव्यांभोवती बेगड. मला पाहून त्याला आनंद झाला.

"या मास्तर! काल फोनवरून घरच्याहिले सांगून ठेवलं होतं, लोनी-हळद तयार ठेवा म्हनून. आल्याबरोबर बैलासारखी खांद शेकली. पन ट्रकाचे खांदे कोनते समजाव, सांगा? बायको म्हने आरसे. मी म्हटलं, आरसे कायचं वझं घेतात? वझं तं चाकावरचे पाटे घेतात. खाली घुसलो अन् पाट्याले लोनी चोळलं."

त्याच्या पाठीला खालची सगळी माती आणि हळद लागलेली होती. मी विचारलं, "फोन पाहिला का सकाळपासून?"

"बंद करून ठेवला. आज गाडीचा दिस आहे, फोनचा नाही." मग तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, हासतीन ना पाटील?"

वही थैलीत होती. थैली हातात होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हार जरा उजवीकडे सरकवा."

त्यानं सरकवला.

दुपार उलटल्यावर पोळा भरला. सात जोड्या, दोन ट्रॅक्टर, आणि सगळ्यात मागं, देवळाकडच्या अरुंद रस्त्यात कसाबसा मावलेला, बाशिंग बांधलेला तो ट्रक. लोकांनी आधी हसून घेतलं, मग काही बायांनी त्याला खरंच ओवाळलं. एका म्हातारीनं चाकाला हळदकुंकू लावलं आणि नमस्कार केला. ड्रायव्हरभाऊच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं, त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही.

इतरांच्या झडत्या झाल्या. मग पाटलांनी हात वर केला. "बोल रे ड्रायव्हर."

तो तोरणाखाली आला. टोपी नीट केली. "बिना ड्रायव्हरचा ट्रक म्हने येते बजारात…"

पोट्ट्यांमध्ये खसखस पिकली. त्याला वाटलं, दाद आहे. तो आणखी जोरात म्हणाला, "चहा कोन पेईन मंग…"

"ढाब्याच्या दाराऽऽत!" पोट्टे ओरडले.

तो थांबला. त्याला समजेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जसं शाळेतली मुलं विसरली की बाईंकडे पाहतात. मी तोरणाच्या आंब्याच्या पानांकडे पाहत होतो. पंधरा पानं होती. तिसरी ओळ त्यानं हळू आवाजात म्हटली, आणि चौथी सगळ्या गावानं म्हटली, बायांसकट. नंतर "शिळी! शिळी!" आणि शिट्ट्या. कुणीतरी फोन वर करून त्याला अकोल्याची लाल झूल दाखवली.

पाटलांच्या चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नव्हती. ते जवळ आले आणि खरंच वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "हासलो असतो रे. पन सकाळीच हासून चुकलो."

अख्ख्या गावाला माहीत आहे, की पाटील आयुष्यात एकदा हसले. आणि त्याच्यासाठी हसले नाहीत, माझ्यासाठी हसले.

ड्रायव्हरभाऊ भांडला नाही. टोलनाक्यावर दांड्याशी भांडायला तयार असलेला माणूस, पण इथं त्यानं फक्त हात जोडले. "बराबर आहे. शिळी आहे," म्हणाला आणि ट्रकात जाऊन बसला. रस्ता अरुंद, ट्रक वळवायला जागा नाही. सगळा रस्ता उलटा जावं लागणार होतं. त्या ट्रकाला मागं घेताना वाजायची एक धून बसवलेली होती, लहान मुलांच्या खेळण्यात असते तशी. ती टिंगटिंग धून वाजत, घुंगरं वाजत, बाशिंग बांधलेला ट्रक इंचाइंचानं मागं निघाला. मागं उभं राहून दिशा दाखवायला कुणीतरी हवं होतं.

मी गेलो. "येऊ द्या," मी ओरडत होतो. "येऊ द्या, येऊ द्या. जरा डावीकडे. येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या ओट्यावर आला. मला वाटलं, कळलं. तो बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मास्तर, माहं चुकलं. माफी मागाले आलो."

"कशाची?"

"तुमी येवढं मेहनतीनं लिहून घेतलं, कोनाले दाखवलं नाही, अन् मीच कुठं तरी बोलून बसलो. मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाची टपरी आहे ना माही नेहमीची, तिथं म्हटली असन. माह्या तोंडाले कुलूप नाही. टपरीवाल्यानंच सांगितली असन अकोल्याच्या मानसाले." टोपी गुडघ्यावर फिरवत तो म्हणाला, "पन चोरली ते चोरली, म्हनायले बी येत नाही त्या मानसाले. खोकल्यावानी म्हनते. शिव्या देईन कोन, इथं थांबाव लागते थोडं. थो थांबलाच नाही."

आत स्वयंपाकघरात बायकोच्या हातून भांडं पडलं. मला वाटतं, मुद्दामच पडलं.

मी काय म्हणालो असेन, याचा तुम्हाला अंदाज येणार नाही. मी मोठ्या मनानं म्हणालो, "असू द्या. होतं असं."

म्हणजे मी त्याला माफ केलं.

तीन दिवसांनी ट्रक भंगारात गेला. त्या टपरीवरचा चहा त्यानं सोडला. वीस वर्षं पीत होता. आता अकोल्याला लेकीकडे एसटीनं जाताना ती टपरी आली की तो तोंड दुसरीकडे करतो. मी दोनदा त्याच्या शेजारी बसून ते पाहिलं आहे. टपरीवाला एकदा हात हलवत होता.

कबुली द्यायचे प्रयत्न मी केले. नाही असं नाही. एकदा दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तर त्यानंच आधी मिठी मारली. एकदा बायकोनं मला घराबाहेर काढून दार लावून घेतलं, म्हणाली सांगूनच या. मी त्याच्याकडे दोन तास बसलो, त्याच्या म्हशीचं दूध कमी का झालं यावर बोललो आणि मागच्या दारानं घरात शिरलो. तेव्हापासून मी बाजारातून काही आणायला विसरलो की ती स्वयंपाकघरातून नुसतं "चहा कोन पेईन मंग" एवढं म्हणते. मी लगेच थैली घेऊन निघतो.

आता ड्रायव्हरभाऊची नजर अधू झाली आहे. तीस वर्षं समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यात घेतले, त्याचं हे फळ असं तो म्हणतो. रोज सकाळी तो माझ्या ओट्यावर येतो आणि मी त्याला पेपर वाचून दाखवतो. मतं तशीच आहेत. ट्रकच्या केबिनला आता एसी लागणार, हे वाचलं तर म्हणाला, "म्हंजे आमी तीस वर्षं उकडलो थे वाया गेलं? अन् थंड हवेत डुलकी लागते, मास्तर. ड्रायव्हरले ऊनच जागं ठेवते. सरकारनं आमाले दुलई देऊन टाकली."

गेल्या महिन्यात मी एक युक्ती केली. पेपर वाचता वाचता, त्यात नसलेली एक बातमी वाचली. "एका निवृत्त शिक्षकानं आपल्या मित्राची कविता चोरून स्वतःच्या नावावर खपवल्याचं उघडकीस आलं आहे." बातमीसारखा आवाज काढला.

"कोन्या गावचा हा?" त्यानं विचारलं.

"दिलं नाही."

"अन् मित्र काय म्हनते?"

"मित्राला माहीत नाही अजून."

ड्रायव्हरभाऊनं चहाची बशी खाली ठेवली. रस्त्याकडे तोंड करून बसला.

"मित्राले माहीत नाही, असं पेपरवाल्याले वाटते," तो म्हणाला. "मित्राले माहीत असते, मास्तर. थो वाट पाहून राह्यला असन, का हा मानूस आपल्या तोंडानं कवा सांगते." मग माझ्याकडे वळला. "वाचा ना. पुढं काय लिहिलं?"

पेपर माझ्या हातात होता. दोघांच्या मध्ये एक चहाची बशी होती.

मी वाचलं, "विदर्भात येत्या दोन दिवसांत तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता."

"किती टक्के?" त्यानं विचारलं.

हे छापून आलं, तरी त्याला वाचून दाखवायचं काम माझ्याचकडे येईल, आणि मी हे पान उलटीन. मी स्वतःला ओळखतो. म्हणून त्या सकाळी जे वाचायचं होतं, ते इथं लिहितो. शाळेच्या भाषेत नको, आपल्याच भाषेत लिहितो.

ड्रायव्हरभाऊ, अकोल्याले बैलाच्या मांगं मी होतो. टपरीवाल्यानं काही केलं नाही, त्याचा चहा प्या. पोळ्याच्या सकाळी मी तुमच्या आंगनात आलो, तवा मले सारं माहीत होतं अन् वही माह्या थैलीत होती. तुमाले दुसरी झडती देता आली असती. मी हार सरकवाले सांगतला. तुमचा ट्रक तोरनाखालून जायचा होता, अन् थो माह्यापायी उलटा गेला. मले माफ करा.